‘संकरित वाण’ : एका संज्ञेची उकल

शेतीच्या मराठीत ‘संकरित वाण’ हा शब्दप्रयोग आता इतका रुळला आहे की, त्यातील दोन पदांचा परस्परांशी मेळ बसतो की नाही, असा प्रश्नही कोणाच्या मनात येत नाही. ‘वाण’ हे पद ‘वर्ण’ या संस्कृत शब्दाशी जोडले जाते. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीत त्याचा मूळचा ‘रंग’ हा अर्थ अद्याप टिकून आहे. रंगावरून जात, जातीवरून प्रकार, असा अर्थविस्तार होत होत शेतीच्या बोलीत वाण म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपले रूप व गुण राखणारा पिकाचा प्रकार, असा अर्थ स्थिर झाला. उलटपक्षी ‘संकर’ म्हणजे मिसळण, सरमिसळ. धर्मशास्त्रात व गीतेच्या पहिल्या अध्यायात ‘वर्णसंकर’ हा शब्द भीतीचा विषय म्हणून येतो. आणि ‘संकरित वाण’ या शब्दप्रयोगात नेमकी तीच दोन पदे, क्रम बदलून व एकाचे तद्भव रूप घेऊन, प्रगतीचे चिन्ह म्हणून उभी राहतात. हा अर्थपालट भाषेच्या अभ्यासकास मनोरंजक वाटेल यात शंका नाही. परंतु प्रस्तुत लेखाचा हेतू केवळ ही गंमत दाखविण्याचा नाही. ‘वाण’ म्हणजे जे स्वतःसारखे पुन्हा निपजते ते, आणि ‘संकरित’ म्हणजे जे स्वतःसारखे पुन्हा निपजत नाही ते, असा या दोन पदांत खराखुरा विरोध आहे. हा विरोध शब्दांतला नसून वनस्पतीच्या प्रजननक्रियेतला आहे. गेल्या सव्वाशे वर्षांतील पीकसुधारणेचा बराचसा इतिहास म्हणजे या विरोधाशी केलेला झगडा होय, असे म्हणावयास हरकत नाही. तो समजावून घेण्यास वनस्पतिशास्त्राची पूर्वतयारी लागत नाही. मात्र फुलात काय घडते हे प्रथम पाहावे लागते.

१. दाणा, बी आणि बेणे

मराठी शेतकऱ्याजवळ या बाबतीत तीन शब्द आहेत, व ते तिन्ही नेमके आहेत. खावयाचा तो दाणा. पेरावयाचे ते बी किंवा बियाणे. आणि ऊस, हळद, आले यांचे कांडे वा कंद लावावयाचे असतील तर ते बेणे. दाणा व बी ही वस्तू एकच असली तरी तिच्याकडे पाहण्याची दृष्टी भिन्न आहे. बियाणे व बेणे यांतील भेद मात्र दृष्टीचा नाही, प्रकृतीचा आहे. बेणे हा मूळ झाडाचाच तुकडा असतो. त्यातून उगवणारे रोप म्हणजे तेच झाड नव्या जागी वाढू लागणे होय. बी हे एक नवे झाड असते.

हे नवेपण कोठून येते? वनस्पतींतही नर व मादी असा भेद असतो, ही गोष्ट प्रयोगाने प्रथम सिद्ध केली ती जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील कामेरारिउस याने, १६९४ साली. फुलातील पुंकेसरांच्या टोकाशी परागकोश असतात व त्यांत परागकण तयार होतात. हे कण कुक्षीवर पडले म्हणजे त्यांतून नलिका फुटते व ती बीजांडापर्यंत जाऊन पोचते. त्या नलिकेतून दोन नरपेशी आत जातात. एक अंडपेशीशी मिळते व तिच्यापासून बीजातील गर्भ, म्हणजेच भावी रोप, तयार होतो. दुसरी बीजांडातील मध्यपेशीशी मिळते व तिच्यापासून गर्भाचे पोषण करणारा गर्भपोष बनतो. हे दुहेरी फलन नावाशिन या शास्त्रज्ञाने १८९८ साली दाखवून दिले. ज्वारीच्या भाकरीचे पीठ प्रामुख्याने या गर्भपोषाचे असते; म्हणजे गर्भासाठी साठविलेली शिदोरी आपण खातो.

आपल्याकडील धर्मशास्त्रीय परंपरेत बीज पित्याचे व क्षेत्र मातेचे अशी कल्पना आहे. रूपक म्हणून ती कितीही प्रभावी असली तरी वनस्पतीच्या बाबतीत ती टिकत नाही. बी हे पित्याचे नव्हे. ते उभयतांच्या मीलनातून झालेले अपत्यच होय. आई म्हणून केवळ आपले ‘शेत’ देऊन मातृवृक्ष थांबत नाही. गर्भातील गुणसूत्रांचा निम्मा वाटा तिचा असतोच, शिवाय अंडपेशीतील पेशीद्रव्य जवळजवळ सर्वस्वी तिचेच असते. ही दुसरी गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

२. वारशाची वाटणी

प्रत्येक झाडाच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून आलेला व एक बापाकडून आलेला. पराग व अंडपेशी तयार होताना मात्र अर्धसूत्री विभाजन होते व दोहोंपैकी एकच संच पुढे जातो. हा जो एक संच पुढे जातो तो जसाच्या तसा आईचा किंवा जसाच्या तसा बापाचा नसतो. जोडीतील गुणसूत्रे आपापले तुकडे बदलतात, आणि मग प्रत्येक जोडीतील कोणते गुणसूत्र कोणत्या पेशीत जावे हे यदृच्छेवर सोडले जाते. पत्त्यांचा जोड पिसून निम्मे पत्ते वाटावेत, तसा हा प्रकार आहे. मेंडेलने ब्र्युन येथे १८६५ साली वाचलेल्या व १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात वाटाण्याच्या झाडांवरून या वाटणीचे गणित मांडले. १९०० सालापर्यंत त्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही.

आता, ज्या पिकात फूल स्वतःच्याच परागाने फळते, त्या पिकात ही वाटणी निरुपद्रवी ठरते. गहू किंवा भात यांच्या जुन्या वाणात दोन्ही संच जवळजवळ एकसारखे झालेले असतात. एकसारखे पत्ते कितीही पिसले तरी हाती येणारा डाव तोच. म्हणून असा वाण वर्षानुवर्षे स्वतःसारखा निपजतो, आणि ‘वाण’ हा शब्द त्याला यथार्थपणे शोभतो.

संकराची गोष्ट याच्या उलट आहे. अमेरिकेतील जॉर्ज शल याने मक्याची झाडे पिढ्यामागून पिढ्या स्वपरागणाने वाढविली. तेव्हा झाडे खुरटत गेली, पण प्रत्येक कुळी आपापल्या परी एकसारखी झाली. अशा दोन खुरटलेल्या कुळींचा संयोग करताच पहिल्याच पिढीत जोमदार, एकसारखी व भरघोस कणसांची झाडे आली. १९०८ सालच्या आपल्या निबंधात त्याने याचा अर्थ उलगडला, व पुढे १९१४ मध्ये या जोमास ‘हेटरोसिस’ हे नाव दिले. मराठीत त्यास ‘संकरज ओज’ म्हणतात. एका कुळीतील दुबळी जनुके दुसऱ्या कुळीतील सबळ जनुकांनी झाकली जातात, हे या ओजाचे एक प्रमुख कारण होय. भिन्न जनुके एकत्र येण्यानेच काही लाभ होतो की काय, याविषयी शास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद चालला.

येथे लक्षात ठेवावयाची गोष्ट अशी की, हे ओज एखाद्या जनुकाचे नसून जोडीचे आहे. आणि अर्धसूत्री विभाजनाचे कामच मुळी जोडी फोडण्याचे आहे. दोन कुळी दहा जनुकांच्या बाबतीत परस्परांहून भिन्न असल्या, तर त्यांच्या संकरातील प्रत्येक झाडात दहाही जोड्या मिश्र असतील. या झाडाचे बी स्वपरागणाने धरले व पुन्हा पेरले, तर प्रत्येक जोडी मिश्र राहण्याची शक्यता निम्मी. दहाही जोड्या मिश्र असलेले झाड, ती जनुके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वाटली जात असल्यास, १०२४ झाडांत सरासरी एकच निघेल. प्रत्यक्षात भेद दहा नव्हे, त्याहून कितीतरी अधिक जनुकांचा असतो. म्हणून संकराच्या शेतातील दाणे पुढच्या वर्षी पेरले असता उंच-ठेंगणी, आगाप-मागास अशी सरमिसळ उगवते, आणि उत्पन्न घटते. बियाणे ‘बिघडले’ असे आपण म्हणतो. वस्तुतः बिघडलेले काहीच नसते. निसर्गाने आपल्या नियमाप्रमाणे पत्ते पुन्हा वाटलेले असतात. शेतकऱ्याने ज्या झाडाची कापणी केली ते झाड संकरित होते, पण त्याने घरी आणलेला दाणा ही आधीच पुढची पिढी होती.

३. संकर घडवून आणण्याचे उपाय

संकर दर वर्षी नव्याने करावा लागतो, हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न व्यवहाराचा उरतो: लक्षावधी फुलांवर हव्या त्याच पित्याचा पराग पडेल, याची व्यवस्था कशी करावी? मक्यात ती तुलनेने सोपी आहे, कारण नर फुलांचा तुरा शेंड्याला व कणीस खाली पेरावर असते. मातृओळीतील तुरे वेळीच खुडले की काम भागते. कापसाच्या फुलात पुंकेसर व कुक्षी एकत्र असतात. तेथे आदल्या सायंकाळी उद्या उमलणारी कळी हेरून तिची पाकळ्यांसह पुंकेसरनलिका नखाने सोलून काढावी लागते, व दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कुक्षीवर दुसऱ्या झाडाचा पराग हाताने लावावा लागतो. अशा रीतीने तयार केलेल्या ‘एच-४’ या कापसाच्या संकराचे बी सी. टी. पटेल यांच्या प्रयत्नाने सुरत येथील केंद्रातून १९७० साली प्रसारित झाले, व व्यापारी लागवडीसाठी संकरित कापूस देणारा जगातील पहिला देश म्हणून भारताचे नाव झाले. हातांनी करावयाचे हे काम आपल्याकडे शक्य झाले ते मजुरी स्वस्त असल्यामुळे, हेही सांगितले पाहिजे.

ज्वारी-बाजरीच्या कणसात बारीक बारीक फुलांची इतकी दाटी असते की, तेथे नखाचा उपाय चालत नाही. तेथे उपयोगी पडले ते नरवंध्यत्व. ‘वंध्य’ या शब्दाने येथे गैरसमज होण्याचा संभव आहे. या झाडाला बी धरते, फक्त त्याचा स्वतःचा पराग निकामी असतो. त्याचे कारण सामान्यतः गुणसूत्रांत नसून पेशीद्रव्यातील तंतुकणिकांत असते. तंतुकणिकांना स्वतःची अल्पशी जनुके असतात, त्यांच्या रचनेत उलथापालथ होऊन एखादे नवेच जनुक जुळून आले की परागाची वाढ खुंटते. तंतुकणिका आईकडूनच येतात, म्हणून हा दोषही आईकडून मुलांकडे जातो, बापाकडून नाही. ‘मातृभाषा’ हा शब्द आपण लक्षणेने वापरतो. वनस्पतीच्या बाबतीत पेशीद्रव्याचा हा वारसा अक्षरशः मातृक आहे.

या दोषाचा उपयोग करण्यासाठी तीन ओळी सांभाळाव्या लागतात. पहिली नरवंध्य ओळ. दुसरी तिची जणू जुळी बहीण: गुणसूत्रे तीच, पण पेशीद्रव्य निर्दोष असल्यामुळे पराग सुपीक. हिचा पराग पहिलीवर पडला की जे बी येते ते पुन्हा नरवंध्यच असते. म्हणून हिला संधारक ओळ म्हणतात. तिसरी पुनःस्थापक ओळ: हिच्या गुणसूत्रांत असे जनुक असते की, ते पेशीद्रव्यातील दोषावर मात करते. हिचा पराग नरवंध्य ओळीवर पडला म्हणजे तयार होणारे संकरित बी पेरल्यावर सुपीक परागाची झाडे येतात. धान्याच्या पिकात ही तिसरी पायरी अनिवार्य आहे, कारण शेतकऱ्याच्या शेतात पराग नसेल तर दाणाच भरणार नाही.

ज्वारीतील अशा नरवंध्यत्वाचा शोध स्टीफन्स व हॉलंड यांनी टेक्सासमध्ये लावून १९५४ साली प्रसिद्ध केला. अवघ्या दहा वर्षांत, १९६४ साली, भारतात ‘सीएसएच-१’ ही पहिली संकरित ज्वारी प्रसारित झाली. बाजरीतील ‘टिफ्ट २३ए’ ही नरवंध्य ओळ अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी तयार केली. तिचा मातृओळ म्हणून उपयोग करून दिलबागसिंग अठवाल यांनी लुधियाना येथे ‘एचबी-१’ हा संकर सिद्ध केला, व १९६५ साली तो शेतकऱ्यांच्या हाती आला.

४. एका आईची लेकरे

या युक्तीत एक धोका दडलेला होता. पित्याच्या ओळी पुष्कळ असल्या तरी उपयुक्त नरवंध्य ओळी थोड्या असतात. त्यामुळे निरनिराळ्या नावांनी विकले जाणारे संकर एकाच आईची लेकरे असू शकतात. नावांची विविधता ही वस्तूंची विविधता नव्हे, हे भाषेच्या विद्यार्थ्याला नवे नाही. परंतु शेतीत या गफलतीची किंमत धान्याच्या रूपाने मोजावी लागते.

अमेरिकेत तुरे खुडण्याची मजुरी वाचविण्यासाठी मक्याच्या बियाण्यात टेक्सासमध्ये सापडलेले एक पेशीद्रव्य सरसकट वापरण्यात आले. १९७० साली देशातील सुमारे ८५ टक्के मका या एका पेशीद्रव्याचा होता. त्या वर्षी पानांवरील करप्याच्या बुरशीचा एक विशिष्ट प्रकार पसरला व सुमारे १५ टक्के पीक नष्ट झाले. पुढील संशोधनात असे आढळले की, तंतुकणिकांतील ज्या एका प्रथिनामुळे पराग निकामी होत असे, तेच प्रथिन बुरशीच्या विषाला तंतुकणिकेचे आवरण सच्छिद्र करू देत असे. म्हणजे जो गुण म्हणून घेतला, तोच रोगाचा दरवाजा ठरला.

आपल्याकडे जवळजवळ त्याच सुमारास बाजरीवर जे संकट आले त्याचे नाव शेतकऱ्यांच्या तोंडी ‘गोसावी’ असे आहे. या रोगात कणसावर दाण्यांऐवजी हिरव्या पानांच्या जटा फुटतात. नाव कशावरून पडले हे निराळे सांगावयास नको. ‘टिफ्ट २३ए’ वर आधारलेल्या पहिल्या संकरांनी बाजरीचे उत्पन्न वाढविले, आणि १९७१ पासूनच्या काही वर्षांत गोसावीने ते संकर शेतातून हुसकावून लावले. येथे एक भेद मात्र जपला पाहिजे. मक्यात दोष पेशीद्रव्यातच होता. बाजरीत तो त्या मातृओळीच्या गुणसूत्रांतील जनुकांचा होता, पेशीद्रव्याचा नव्हे, असे पुढे दिसून आले. म्हणून तेच पेशीद्रव्य ठेवून रोगप्रतिकारक गुणसूत्रांच्या नव्या मातृओळी तयार करता आल्या. पुढे जनुकांच्या खुणा ओळखून निवड करण्याचे तंत्र हाती आले, व त्या मार्गाने गोसावीला अधिक प्रतिकार करणारी ‘एचएचबी ६७ सुधारित’ ही संकरित बाजरी हरियाणात तयार होऊन २००५ साली प्रसारित झाली. दोन्ही प्रसंगांचे कारण मात्र एकच: लाखो एकरांवर एकाच मातृकुळाचा पसारा.

५. ‘हायब्रीड’ आणि ‘गावरान’

महाराष्ट्रात ‘संकरित’ हा शब्द पुस्तकात राहिला; बोलीने ‘हायब्रीड’ हाच शब्द उचलला. सीएसएच-१ व तिच्यामागून आलेल्या ज्वाऱ्या खरिपाच्या शेतात झपाट्याने पसरल्या व त्यांनी दुष्काळाच्या वर्षांत अनेकांच्या पोटाला आधार दिला. पण त्याच बरोबर ‘हायब्रीड’ या शब्दाला बोलीत एक उणा अर्थ चिकटला: दिसावयास भरगच्च पण सत्त्वाला व चवीला कमी. त्याच्या विरुद्ध टोकाला ‘गावरान’ हा शब्द उभा राहिला. या अर्थछटेला केवळ जुन्याचा मोह म्हणून बाजूस सारणे योग्य होणार नाही. लवकर पक्व होणाऱ्या खरीप संकरांचे दाणे पावसाच्या शेवटच्या सरींत सापडत, त्यांवर बुरशी चढे व ते काळे पडत. भाकरीला त्यांची रुची उतरे. कडबाही पूर्वीइतका मिळत नसे, कारण झाडे ठेंगणी होती. कडब्यावर जनावरे जगविणाऱ्या घरी ही उणीव लहान नव्हे.

रब्बीच्या ज्वारीची हकीकत निराळी झाली. सोलापूर, अहमदनगर, मराठवाडा या भागांत ओलीवर येणाऱ्या रब्बी ज्वारीत दीर्घकाळ राज्य राहिले ते ‘एम ३५-१’ चे. ही मोहोळ येथील केंद्रात स्थानिक मालदांडीतून केवळ निवडीने काढलेली ज्वारी. तिचा टपोरा, मोत्यासारखा दाणा, भरपूर कडबा व ओल तुटली तरी तग धरण्याची शक्ती यांपुढे रब्बी संकरांना जम बसविता आला नाही. ही खऱ्या अर्थाने ‘वाण’ होती. शेतकरी तिची चांगली कणसे निवडून, निराळी मळून, पुढच्या पेऱ्यासाठी ठेवू शकत असे. उत्पन्न हा पिकाचा एक गुण आहे, एकमेव गुण नव्हे, आणि पुन्हा पेरता येणे हाही गुणच आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

६. कायद्यातील हक्क व प्रजननातील अडसर

पुन्हा पेरता येण्याचा हा गुण भारतीय कायद्याने हक्क म्हणून मान्य केला आहे. २००१ सालच्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाच्या ३९ व्या कलमानुसार, संरक्षित वाणाचे बीसुद्धा शेतकऱ्यास राखून ठेवता येते, पेरता येते, पुन्हा पेरता येते, देवघेव करता येते व विकताही येते. फक्त ते व्यापारी नाममुद्रा लावून विकता येत नाही. पीक पैदास करणाऱ्याचा हक्क व शेतकऱ्याचा हक्क एकाच कायद्यात गुंफण्याचा हा प्रयत्न लक्षणीय आहे.

तथापि, आतापर्यंतचे विवेचन ध्यानी घेतल्यास एक अडचण सहज दिसून येईल. स्वपरागण होणाऱ्या पिकांच्या सरळ वाणांत हा हक्क सार्थ आहे. संकराच्या बाबतीत तो कागदावर तेवढाच असला तरी शेतात पोकळ ठरतो. संकरित बी पुन्हा पेरण्यास मनाई कोणी करीत नाही. पण अर्धसूत्री विभाजन त्याचा लाभ हिरावून घेते. बियाणे विकणाऱ्यास जे संरक्षण कायद्याने मिळावयाचे, ते त्याला फुलाच्या रचनेतच आयते मिळते. खाजगी भांडवल संकरांकडे अधिक ओढले जाते व सरळ वाणांकडे कमी, यामागे हे एक मोठे कारण आहे. येथे कोणावर दोषारोप करावयाचा नाही. वस्तुस्थिती सांगावयाची आहे. संकराने उत्पन्न वाढते हे खरे, आणि शेतकरी दर हंगामास बियाण्याच्या दुकानाशी बांधला जातो हेही तितकेच खरे.

७. बियाण्याचे बेणे

या विरोधातून सुटका आहे काय? प्रारंभी सांगितलेला बियाणे व बेणे यांतील भेद येथे पुन्हा उपयोगी पडतो. ऊस हा संकरच आहे. कोइमतूर येथे बार्बर व वेंकटरामन यांनी जाड उसाचा रानटी जातीशी संकर करून ‘को २०५’ हा ऊस १९१८ साली दिला, आणि आज महाराष्ट्रात दूरवर लावला जाणारा ‘को ८६०३२’ हाही संकरच. पण उसाच्या बियाण्यासाठी शेतकऱ्याला दर वर्षी नव्या संकराची वाट पाहावी लागत नाही. तो बेणे तोडतो व लावतो. बेण्यात अर्धसूत्री विभाजन होत नाही, म्हणून पत्ते पुन्हा पिसले जात नाहीत व संकरज ओज जसेच्या तसे टिकते. आंब्याच्या कलमातही हेच घडते. हापूसची कोय लावली तर रायवळ आंबा येतो. हापूस हवा असेल तर कलमच बांधावे लागते.

ज्वारी, बाजरी, भात यांचे बेणे होत नाही. पण बीच बेण्यासारखे वागू लागले तर? निसर्गात असे घडते, हे विशेष. विदर्भातील संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरतात. जंबेरीच्या एकाच बीतून पुष्कळदा दोन-तीन रोपे उगवतात, व त्यांतील बहुतेक फलनातून झालेली नसून बीजांडातील मातृपेशींपासून सरळ वाढलेली असतात. त्यामुळे ती सर्व मातृवृक्षाची हुबेहूब प्रत असतात, आणि बागाइतदाराला एकसारखे खुंट मिळतात. फलनावाचून बी धरण्याच्या या प्रकारास असंगजनन असे म्हणतात. काही गवतांत व रानफुलांतही तो आढळतो. दुर्दैवाने आपल्या मुख्य धान्यांत तो नाही, आणि रानटी नातलगांतून संकराने तो धान्यांत आणण्याचे दीर्घ प्रयत्न फारसे फळले नाहीत.

मार्ग सापडला तो निराळ्याच दिशेने. अर्धसूत्री विभाजन साध्या पेशीविभाजनाहून तीन गोष्टींत भिन्न असते: गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल होते, जोडीतील गुणसूत्रे परस्परांपासून वेगळी होतात, आणि मग दुसऱ्यांदा विभाजन होते. या तीन गोष्टींस कारण असलेली तीन जनुके निकामी केली, तर अंडपेशीत मातृवृक्षाचा संपूर्ण वारसा, न पिसता, जसाच्या तसा उतरतो. हे प्रथम २००९ साली एका लहानशा प्रायोगिक रोपट्यात साधण्यात आले, व नंतर भातात. आता उरला दुसरा प्रश्न: ही अंडपेशी नरपेशीची वाट न पाहता गर्भात कशी वाढावी? भातात गर्भाची वाढ सुरू करणारे एक जनुक फलनाच्या वेळी पित्याच्या बाजूने कार्य करू लागते. ते अंडपेशीतच चालू होईल अशी योजना केली असता गर्भ पित्यावाचून वाढू लागला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत सुंदरेशन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दोन्ही पावले एकत्र टाकली, व भाताचे मातृवृक्षाशी तंतोतंत जुळणारे बी मिळविले. हे काम २०१९ साली ‘नेचर’ नियतकालिकात आले. प्रारंभी एकूण दाण्यांपैकी थोडेच असे निघत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील प्रयोगात, संकरित भातात, हे प्रमाण ९५ टक्क्यांहून अधिक झाले. दाण्यातील गर्भपोष मात्र अद्याप फलनानेच होतो, म्हणून परागाची गरज संपलेली नाही.

हे बी प्रयोगशाळेतून व प्रायोगिक वाफ्यांतून शेतकऱ्याच्या शेतात येण्यास अजून पुष्कळ वाट चालावयाची आहे. जनुकबदल केलेल्या पिकांविषयीचे निर्बंध, दाणे भरण्याचे प्रमाण, निरनिराळ्या हवामानांतील स्थैर्य, आणि या पद्धतीचे स्वामित्व कोणाकडे राहणार, हे सर्व प्रश्न आहेत. त्यांतील शेवटचा प्रश्न शास्त्राचा नाही. पण बियाणे दरसाल विकत घ्यावे लागणार की नाही, याचा निकाल बराचसा त्याच्यावर अवलंबून राहील. आणखी एक सावधगिरी वर सांगितलेल्या इतिहासातून आपोआप निघते. जे बी बेण्यासारखे वागेल ते बेण्यासारखेच एकजिनसीही राहील. प्रत्येक पिढीत पत्ते पुन्हा पिसण्याचा निसर्गाचा नियम पीक पैदास करणाऱ्यास अडसर वाटला, तरी रोगाच्या नव्या रूपाशी झुंजण्याचे बळ पिकाला त्याच पिसण्यातून मिळत आले आहे. एकाच आईच्या लेकरांनी १९७० च्या सुमारास दिलेला धडा, एकाच झाडाच्या प्रतींनी भरलेल्या शेतांना अधिकच लागू पडेल. म्हणून असंगजननाचा खरा लाभ एक उत्तम संकर सर्वत्र पसरविण्यात नसून, प्रत्येक तालुक्याच्या जमिनीला व पावसाला मानवणारे निरनिराळे संकर स्वस्तात टिकविता येण्यात आहे.

शेवटी संज्ञेकडे वळू. आजच्या संकरास ‘वाण’ म्हणणे शास्त्रदृष्ट्या शिथिल आहे, कारण तो स्वतःसारखा निपजत नाही. ‘संकरित बी’ म्हणणे अधिक नेमके होईल, कारण जे विकत मिळते ते एका हंगामाचे बी असते, कुळी नव्हे. रूढ झालेला शब्द लेखाने बदलत नाही, हे भाषेच्या अभ्यासकास ठाऊक असतेच. परंतु विद्यापीठाच्या पुस्तकांत व शासनाच्या पत्रकांत हा भेद पाळला गेला, तर पाकिटावर ‘वाण’ वाचून त्याचे दाणे पुढच्या वर्षासाठी राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्याची एक फसगत टळेल. उद्या असंगजननाने संकर स्वतःसारखा निपजू लागला, तर मात्र ‘संकरित वाण’ या संज्ञेतील विरोध मावळेल व ती प्रथमच यथार्थ ठरेल. तोपर्यंत दाणा, बियाणे व बेणे या तीन जुन्या मराठी शब्दांनी आखून दिलेल्या सीमा शास्त्राच्या सीमांशी किती नेमकेपणाने जुळतात, हे ध्यानात ठेवून त्यांचा काटेकोर वापर करणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.